इंटरव्हलपर्यंतचा मालक

शिवगंगाला दोन भाऊ होते आणि दोघेही मालक होते. मालक असण्यापलीकडे दोघांनाही काही येत नव्हतं.

थोरला संगप्पा लातूरला अडत चालवायचा. धाकटा शरणप्पा नांदेडला राहायला गेला होता, तिथं त्याचं कापडाचं दुकान होतं. दोघांच्याही दुकानावर धंद्याच्या पाटीखाली दुसरी एक पाटी लटकलेली होती: ‘जयध्वज स्टुडिओच्या समस्त चित्रपटांचे मालक’. अक्षरं लाल, बॉर्डर सोनेरी. एकाच्या पाटीवर ‘एकमेव’ हा शब्द चढला की पंधरवड्यात दुसऱ्याच्याही पाटीवर चढायचा.

जयध्वज म्हणजे मुंबईचा एके काळचा बडा स्टुडिओ. पडद्यावर त्याचा झेंडा फडकला की जत्रेच्या टुरिंग टॉकीजच्या तंबूतलं कडेवरचं पोरसुद्धा रडायचं थांबे. तो स्टुडिओ बुडाला तेव्हा त्याचे सगळेच्या सगळे सिनेमे, हक्कांसकट, या दोघांच्या बापानं विकत घेतले. हा बाप, सिद्रामप्पा, गावोगावच्या तंबूवाल्यांना सिनेमे पुरवायचे. तो त्यांचा धंदा होता आणि त्याहून जास्त नाद होता. मुंबईच्या शहाण्यांना वाटलं, भंगार गेलं. म्हाताऱ्याला वाटलं, घरात लक्ष्मी आली. पोरांना काहीच वाटलं नाही, कारण तो मरेपर्यंत त्यांनी त्या डब्यांकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

म्हातारा बहात्तरच्या दुष्काळात गेला. विहिरींनी तळ दाखवला होता, जनावरं छावणीत होती, निम्मं गाव खडी फोडायला गेलं होतं. आणि हे दोघे समाधीवरची माती वाळायच्या आत मठाच्या अय्यांना मध्ये बसवून वाटणी मागत होते. घर झालं, रान झालं, भांडीकुंडी झाली. मग डब्यांची पाळी आली आणि तिथं गाडं अडलं. चाललेले सिनेमे तुला आणि पडलेले मला का, असं दोघंही एकमेकांना विचारायला लागले. कुठला चालला नि कुठला पडला हे दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं, पण आपण फसवले जातोय याबद्दल दोघांची खात्री होती.

आपल्याकडं रानाची वाटणी कशी होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. एकाला काळी आणि दुसऱ्याला मुरमाड नको, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या मधून बांध घालतात, आणि मग दोघांच्याही वाट्याला औत वळवायलासुद्धा जागा उरत नाही. या शहाण्यांनी तेच सिनेम्यांचं केलं. प्रत्येक सिनेमा मधोमध तोडला. निम्मी रिळं एकाला, निम्मी दुसऱ्याला. रीतीप्रमाणं थोरल्यानं वाटे पाडले आणि धाकट्यानं आधी उचलला. शरणप्पानं इंटरव्हलनंतरचा वाटा घेतला.

“शेवट माझ्या हाती हाय,” तो म्हणाला. “आता सगळे माझ्याकडं येतेत.”

“सुरुवात न बघता शेवटाला कोण बसतंय?” संगप्पा हसला. “आन् स्टुडिओचा झेंडा माझ्या अर्ध्यात हाय.”

अय्या पुढ्यातल्या डब्यांकडं बघत राहिले. त्यांनी आयुष्यात सिनेमा पाहिला नव्हता, त्यामुळं त्यांना यात काही वावगं दिसलं नाही.

पण बरेचसे सिनेमे तेरा नाहीतर पंधरा रिळांचे होते. मधलं रीळ उरायचं. ते कुणी घ्यायचं यावर दोघं हातघाईवर आले. तेव्हा अय्यांनी तोडगा काढला: वाटणीत उरलेलं भांडं लेकीला देतात, तशी ही रिळंही लेकीला द्या. लेकीचा मान. दोघा भावांना हे पटलं, कारण मानाला काही किंमत लागत नाही. शिवगंगाच्या पुढ्यात मधल्या रिळांचे डबे आले आणि वर एक साडीचोळी आली. तिच्या बदल्यात, बापाच्या कुठल्याही इस्टेटीवर आपला हक्क नाही म्हणून तिची सही घेतली गेली. साडीचा रंग पहिल्याच धुण्यात गेला. तेवढ्यावरून शिवगंगानं भावांची जात ओळखली ती कायमची.

तिला वाटणीचा राग नव्हता. राग होता तो पुढं घडलं त्याचा.

तिचा नवरा विरूपाक्ष चाकूरचा. त्याचा तंबू होता. जत्रा आली की बैलगाडीत तंबू, पडदा, मशीन आणि इंजिन घालून तो निघायचा. सिद्रामप्पांनी लेक दिली ती त्याचा तंबू बघूनच. सासरा होता तोवर विरूपाक्षाला सिनेमा अख्खा मिळायचा. वाटणीनंतर त्याला सुरुवात आणायला लातूरला आणि शेवट आणायला नांदेडला जावं लागे, आणि मधलं रीळ बायकोच्या कणगीतून काढावं लागे. तरी त्यानं कुरकुर केली नाही.

त्याच वर्षी माहूरच्या नवरात्रात त्यानं तंबू टाकला. रेणुकामायचं दर्शन घेऊन उतरलेली, दिवसभर उपाशीपोटी चाललेली माणसं त्याच्या तंबूत येऊन बसली. सिनेमा होता एका टाकलेल्या बाईचा. नवरा घरात घेत नाही, बाप ओळख देत नाही, आणि शेवटी ती लेकरू कडेवर घेऊन विहिरीच्या काठावर येऊन उभी राहते. तिथं इंटरव्हल. बाया पदर तोंडात धरून बसल्या होत्या. शरणप्पाचा माणूस पुढची रिळं घेऊन दुपारच्या गाडीनं येणार होता. तो आलाच नाही. शरणप्पानं त्याला नांदेडच्या स्टँडवरूनच माघारी बोलावलं होतं, कारण काय तर तंबूबाहेरच्या फळ्यावर संगप्पाचं नाव आधी लिहिलं होतं.

विरूपाक्ष मधलं रीळ मांडीवर घेऊन वाट बघत बसला; ते लावलं असतं तरी दहा मिनिटांत पुन्हा थांबावं लागलं असतं. लोकांनी आधी शिट्ट्या मारल्या, मग दगड मारले, मग दोऱ्या कापल्या. तंबू अंगावर कोसळल्यावर तो कनातीखालून रांगत बाहेर आला आणि सगळ्यांपुढं हात जोडून ओरडला, “पुढल्या जत्रंला फुडचं दाखवतो! रेणुकामायची आन हाय!”

पुढल्या जत्रेला भावांनी सिनेमा दिला नाही. त्याच्या पुढल्याही दिला नाही. आधी त्यानं द्यावा, मग मी देतो, असं दोन्हीकडून उत्तर यायचं. विरूपाक्षानं तंबूची घडी माळ्यावर टाकली आणि चाकूरच्या स्टँडवर सायकलींचे पंक्चर काढायला बसला. माहूरला तो परत गेला नाही. सप्तमीला सगळा गाव माहूरला निघाला की तो आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. देवीची आण मोडलेला माणूस कुठल्या तोंडानं पायऱ्या चढणार? बायकोला तो एकदाच म्हणाला होता, “ती बाई अजून हिरीवरच हुबी हाय.”

शिवगंगाला तेव्हापासून एकच हवं होतं. तो एक सिनेमा एकदा अख्खा व्हावा आणि नवऱ्यानं तो माहूरला दाखवावा. भावांच्या मालकीला तिच्या लेखी चुलीतल्या राखेइतकीही किंमत नव्हती.

लातूर वेगळा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. पाणी पुन्हा आटलं होतं, टँकर आला की बाया घागरी घेऊन धावत होत्या. अशात मुंबईची एक जीप चाकूरच्या स्टँडवर पंक्चर झाली. जीपमधला साहेब विरूपाक्षापुढं स्टुलावर बसून कपाळ पुसत सांगायला लागला. आता घरोघरी टीव्ही येणार, सिनेमाच्या कॅसेटी निघणार. जयध्वजचे जुने सिनेमे त्याच्या कंपनीला हवे होते, पण हवे तर सगळे एकदम. तो लातूरला गेला तर तिथला म्हणाला मालक मी, नांदेडचा चोर आहे. नांदेडला गेला तर तिथला म्हणाला मालक मी, लातूरचा चोर आहे.

“दोघं बी खरं बोलायलेत,” विरूपाक्ष ट्यूब पाण्यात दाबत म्हणाला. “फकस्त पाट्यांवर मालक लिहिलंय ते खोटं हाय. घरला चला, चहा घ्या.”

शिवगंगानं सगळं ऐकलं आणि साहेबाला सरळ सांगितलं, “मधली रिळं माझ्याकडं हायत. दिते. पन आधी एक सिनेमा माझ्या अंगणात अख्खा लागला पायजे, आन् नवरात्रात त्यो ह्यांनी माहूरला दाखवला पायजे. मग न्या कुठं न्यायचे ते.”

साहेबाला काही अडचण नव्हती. अडचण होती भावांना एका जागी आणायची. थोरला म्हणाला, लातूर आता जिल्हा हाय, नांदेडनं लातूरला यावं. धाकटा म्हणाला, काल जल्मलेला जिल्हा त्यो, आमचं नांदेड निजामापासून जिल्हा हाय. शेवटी दोघांच्या मध्ये पडणारं चाकूर ठरलं. बहिणीच्या प्रेमापोटी नव्हे, तर कुणालाच दुसऱ्याच्या दारात जावं लागत नाही म्हणून.

ज्या बहिणीच्या दारात दहा वर्षांत पाऊल टाकलं नाही, तिच्या दारात दोघं दोन टेम्पो घेऊन एकाच सकाळी उतरले. संगप्पा आता जिल्हा परिषदेच्या तिकिटाच्या मागं होता, त्यामुळं अंगावर खादी आली होती आणि चालण्यात पोट आलं होतं. शरणप्पाच्या बोटांत अंगठ्या होत्या. दोघं एकाच बाजेवर पाठीला पाठ लावून बसले. हमालांनी डबे उतरवले, एका भिंतीला लातूरचे आणि दुसऱ्या भिंतीला नांदेडचे. डब्यांना नवं कुलूप, नवा रंग, वर मालकाचं नाव. बघणाऱ्याला वाटावं की आत घरचे देव आहेत.

शिवगंगानं चहा दिला. विरूपाक्षानं मशीन रात्रीच पुसून तेल घालून ठेवलं होतं. भर दुपारी अंधार कुठून आणायचा, म्हणून तो बैठकीच्या खिडक्यांना गोधड्या लावत होता. एक गोधडी लावून झाली की तो मागं सरून अजून कुठून उजेड येतो ते बघत होता. ते बघून शिवगंगाला भरून आलं, आणि भरून आलं त्याचाही तिला भावांवरच राग आला.

“आधी सह्या करून घिऊ,” संगप्पानं स्टॅम्पपेपर काढला. “सिनेमा काय पळून चाललाय?”

“हाव, आधी सह्या,” शरणप्पा म्हणाला.

दहा वर्षांत दोघा भावांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं शिवगंगा पहिल्यांदा पाहत होती. तिथंच तिच्या मनात पाल चुकचुकली.

“आधी सिनेमा,” ती म्हणाली.

“शिवगंगा, बायामाणसानं व्यवहारात पडू नाही.”

“मंग मधली रिळं बी व्यवहारात पडत न्हाईत अण्णा. उचला तुमचे डबे.”

साहेब उठला. त्यालाही मालाची पारख करायची होतीच. त्यानं शिवगंगाच्या अटीतला, विहिरीवरच्या बाईचा सिनेमा विचारला आणि संगप्पाच्या भिंतीकडचा त्या नावाचा डबा खाली घेतला. संगप्पाला किल्ली सापडेना. सदऱ्याचे खिसे झाले, धोतराचा सोगा झाला. शेवटी विरूपाक्षानं पंक्चरच्या पेटीतला पाना घालून कुलूपच उचकटलं. झाकण निघालं आणि खोलीभर करडईच्या पेंडीचा वास सुटला.

डब्यात पेंड होती. दाबून भरलेली, वजन बरोबर यावं म्हणून. दुसरा डबा उघडला, पेंड. तिसरा उघडला, पेंड.

शरणप्पा बाजेवरून उडीच मारून उठला. “बघा साहेब! बघा! ह्यो मालक! चोर हाय म्हनून मी सांगत नव्हतो का? बापाचं सोनं इकून खाल्लं ह्यानं!”

“इकलं न्हाई,” संगप्पा कसनुसा होऊन म्हणाला. “रानात लावलं.”

“रानात?”

“ज्वारी हुरड्याला आली की पाखरं लई येतेत. ह्या पट्ट्या बांधल्या की उनात चमकतेत, वाऱ्यानं वाजतेत. पाखरू फिरकत न्हाई. राखणदार लावायचा म्हणजे मजुरी…” त्याच्या लक्षात आलं की आपण जास्त बोललो.

म्हणजे जयध्वजचा तो झेंडा, ज्याच्यापुढं तंबू गप्प व्हायचे, तो या माणसानं चिमण्या हाकायला वापरला होता. एका राखणदाराची भाकरी वाचावी म्हणून. वर पाटीवर ‘एकमेव’.

“आता तुझे उघड,” शिवगंगा धाकट्याला म्हणाली. तिचा आवाज इतका थंड होता की शरणप्पानं अंगठ्यांची मूठ मागं लपवली.

“माझ्याचं काय काम हाय अक्का? चोरी त्याची सापडली की.”

विरूपाक्षानं पाना आधीच लावला होता. शरणप्पाच्या डब्यात पेंडसुद्धा नव्हती. खडी होती. रस्त्यावरची, फुकटची. धाकटा थोरल्याहून हुशार, हे बाप नेहमी म्हणायचा ते असं खरं ठरलं.

त्याची रिळं हैदराबादेहून आलेल्या एका भंगारवाल्यानं नेली होती. जुनी रिळं धुतली की चांदी निघते आणि खाली राहिलेल्या पट्टीच्या बांगड्या होतात. वाटणी झाली त्याच्या पुढच्याच वर्षी नेली होती. म्हणजे विरूपाक्ष नांदेडला दुकानाच्या पायरीवर बसून “तेवढा सिनेमा द्या की” म्हणून हात जोडत होता, तेव्हा तो सिनेमा कुणाकुणाच्या मनगटात वाजत होता. आणि हा आतून सांगत होता, आधी लातूरकडनं आण.

दोघांनीही हिशेब एकच केला होता. माझं अर्धं गेलंय, पण भावाचं अर्धं शाबूत असेल. सह्या होऊ देत, डबे मुंबईत उघडतील, मग बोंब भावाच्या नावानं मारू. दहा वर्षं दोन माणसं कोर्टाच्या धमक्या देत होती, पाट्या रंगवत होती, एकमेकांच्या घरच्या लग्नाला जात नव्हती, ती पेंडीवरून आणि खडीवरून. शिवगंगाला दोघांची किळस आली. एकाच आईच्या पोटी आपण जन्मलो याची लाज वाटली.

विरूपाक्ष मात्र खिडकीवरच्या गोधड्या एकेक करून काढायला लागला.

साहेबानं हात झटकले. “ताई, तुमची रिळं तरी आहेत का?”

तिनं कणगीतून डबे आणून दिले. निंबाचा पाला घालून, दरसाल पाला बदलून ठेवलेले. साहेबानं एक पट्टी उजेडात धरली. चित्र स्वच्छ होतं. त्यानं एकामागून एक डबे पाहिले आणि खाली बसला. “एवढा मोठा स्टुडिओ,” तो म्हणाला, “आणि शिल्लक काय, तर नुसते मधले तुकडे. अख्ख्याचे मिळाले असते तेवढे नाही, पण यांचंसुद्धा काहीतरी देईल कंपनी.”

‘देईल’ हा शब्द कानावर पडला मात्र, बाजेवरचे दोघे जिवंत झाले.

“मधली रिळं वाटणीत नव्हतीच,” संगप्पा म्हणाला. “म्हणजे ती आजून सामाईक हायत.”

“तिघांत सामाईक,” शरणप्पानं दुरुस्ती केली. “आन् अक्कानं तर हक्क सोडलाय सही करून. म्हणजे दोघांत.”

शिवगंगानं साहेबापुढचे डबे आपल्याकडं ओढले. तेवढ्यात विरूपाक्षानं शेवटची गोधडी काढली, तिची घडी घातली आणि तो शांतपणे म्हणाला, “बरोबर हाय. मालकी ज्याची त्याला दिली पायजे. मी नवरात्रात माहूरला जाणार. एवढं एक रीळ दाखवणार आन् मग फुडचं का दाखवत न्हाई ते सांगणार. इतकी वर्षं लोक माझ्या नावानं थुकले. आता मालकाचं नाव सांगतो. लातूरचे संगप्पा, नांदेडचे शरणप्पा. पत्त्यासकट.”

माहूरच्या नवरात्राला अख्खा मराठवाडा लोटतो. संगप्पाला तिकीट दिसायला लागलं, हातातून सुटताना. शरणप्पाचं निम्मं गिऱ्हाईक देवीची साडी घ्यायला येणारं.

“दाजी,” शरणप्पाच्या तोंडातून साखर गळायला लागली, “आमचा कसला हक्क? आमी कवा म्हनलं मालक म्हनून?”

“पाट्या लावल्या हायत,” शिवगंगा म्हणाली.

“काढतो की! आजच काढतो,” संगप्पा म्हणाला. “शिवगंगा, सगळं तुझंच हाय बघ. सुरुवातीपास्नं तुझंच व्हतं. आमचं त्यात कायबी न्हाई.”

“मग सही करा.”

विक्रीसाठी आणलेल्या स्टॅम्पपेपरवरच सह्या झाल्या. जयध्वज स्टुडिओच्या सिनेम्यांवर आमचा कुठलाही हक्क नाही, नव्हता, राहणार नाही. ‘नव्हता’ हा शब्द संगप्पानं आपण होऊन घालायला लावला. साहेबानं साक्षीदार म्हणून सही केली. तुकड्यांचं बोलणं नवरात्रानंतर, असं शिवगंगानं त्याला सांगितलं आणि त्यानंही मान डोलावली.

शिवगंगा आत गेली. भाऊ एवढ्या वर्षांनी दारात येणार म्हणून तिनं कालच बाजारातून दोन टॉवेल आणि दोन टोप्या आणून ठेवल्या होत्या, आहेर करायला. काल आणताना मनात थोडी माया होती. आज ती नव्हती, पण आहेर होता. तिनं पाट मांडले, दोघांना बसवलं, टोप्या घातल्या, टॉवेल हातात दिले.

“तुमी मला सही घिऊन साडी दिली व्हती,” ती म्हणाली. “ह्यो तुमचा मान.”

तिला वाटलं होतं की आता तरी माना खाली जातील. संगप्पानं टॉवेल चिमटीत धरून चोळून पाहिला, सूत कसं आहे ते. शरणप्पानं आपला उलगडला, भावाच्या टॉवेलाला लावून पाहिला आणि म्हणाला, “अक्का, ह्याचा चार बोटं जास्त हाय.”

शिवगंगानं फळीवरची कात्री घेतली. थोरल्याच्या हातातला टॉवेल ओढला, दोन्ही टॉवेल जुळवून धरले आणि जास्तीची चार बोटं सरळ कापून काढली. दोघांना दोन टॉवेल परत दिले, आता अगदी सारखे.

तिच्या हातात पट्टी उरली. ती कुणाची हे विचारायला दोघांनी तोंडं उघडली होती.

“ही लेकीची,” ती म्हणाली. त्या पट्टीनं तिनं विहिरीवरच्या बाईच्या सिनेम्याचा डबा करकचून बांधला आणि माहूरला न्यायला नवऱ्याच्या हातात दिला.